चाल पंढरीची, स्तोत्रे टिळकांची

१/ १८६१ साली दोन घटना घडल्या. लंडनमध्ये 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न' हा स्तोत्रसंग्रह प्रसिद्ध झाला आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रजी समूहगायनाला त्याने दीर्घकाळ टिकणारे वळण लावले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे नारायण वामन टिळक यांचा जन्म झाला. लोकमान्य टिळक वेगळे; हे रेव्हरंड टिळक. मराठी ख्रिस्ती मंडळ्या आजही जी गीते गातात, त्यांतील शेकडो यांची आहेत. लंडनच्या त्या संगीताला करजगावच्या या माणसाने कोणते उत्तर दिले आणि त्या उत्तराचा सूर सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरशी कसा जुळतो, याची ही कथा.

२/ आधी ते विलायती संगीत समजून घ्यावे लागते. उपरोक्त संग्रहाच्या संगीताची जबाबदारी विल्यम हेन्री मंक यांच्याकडे होती. डरॅमचे जॉन बॅकस डाइक्स यांच्या अनेक चाली त्यात आल्या. बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या त्रैक्यस्तोत्रासाठी डाइक्स यांनी बांधलेली 'निसिया' ही चाल तेव्हापासून जगभर गायली जाते. या चालींचे वैशिष्ट्य असे की त्या एका गळ्यासाठी बांधलेल्याच नसतात. स्त्रियांचा चढा व खालचा आवाज, पुरुषांचा चढा व खालचा आवाज, असे चार प्रवाह एकाच वेळी चार निरनिराळ्या स्वरांवरून चालतात आणि त्यांच्या मिळणीतून स्तोत्र उभे राहते.

३/ अमेरिकेत हेच काम लोवेल मेसन यांनी केले. हेबर यांच्या १८१९ सालच्या प्रसिद्ध मिशनरी गीताला मेसन यांचीच चाल लाभली. पुढे बॉस्टन ही त्यांची कर्मभूमी झाली. तेथील सार्वजनिक शाळांत संगीत हा विषय शिकवला जाऊ लागला, त्याचे मोठे श्रेय त्यांना दिले जाते. बॉस्टनचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. महाराष्ट्रात काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनची मातृसंस्था बॉस्टनचीच होती. त्या मिशनरींच्या कानांत बालपणापासून जे घुमत होते ते हे संगीत.

४/ हे मिशन १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ साली अहमदनगरला स्थिरावले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ १८६० साली सोलापुरास पोहोचले. त्याच दशकात सोलापूर हेही मिशनचे ठाणे झाले. १८७७ मध्ये येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. तीच पुढे 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली गेली. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच बाजारात बोलणारे हे शहर. आगगाडीने जे विलायती सामान येथे उतरत होते, त्यात चार आवाजांचे हे स्तोत्रही होते.

५/ मिशनरींनी साहजिकपणे जे केले ते असे: चाल मूळचीच ठेवली आणि तिच्यात मराठी शब्द बसवले. अक्षरे मोजून पाहिली तर हिशेब जुळतही असे. इंग्रजी स्तोत्राचा अतिशय रूढ साचा चार ओळींचा; पहिल्या ओळीत आठ अक्षरे, दुसरीत सहा, पुन्हा आठ, पुन्हा सहा. आठ आणि सहा अक्षरांच्या मराठी ओळी रचणे कठीण नव्हते. कठीण होते ते पुढे, गाताना.

६/ इंग्रजी शब्दाला आघात असतो. शब्दातील एक अक्षर जोराने उच्चारले जाते, उरलेली दबतात. स्तोत्राची चाल या आघातावर बेतलेली असते. जोराच्या अक्षराखाली ठेक्याची जड मात्रा येते आणि बहुधा स्वरही तेथेच लांबतो. मराठी शब्दाचे वजन आघातावर ठरत नाही, ऱ्हस्व-दीर्घावर ठरते. 'पिता' या शब्दात 'पि' आखूड आणि 'ता' लांब. चालीने 'पि'वर दोन मात्रा थांबवले की ऐकणाऱ्याच्या कानी 'पीता' पडते. स्वर्गातील बापाला मारलेली हाक पाणी पिण्याच्या क्रियेजवळ जाऊन पोहोचते. शब्द मराठी, व्याकरण निर्दोष, आणि तरीही वाक्य परके.

७/ दुसरी अडचण चार आवाजांची होती. चार स्वतंत्र ओळी एकत्र गाण्यासाठी स्वरलिपी वाचता यावी लागते, निदान आवाजागणिक वेगळी तालीम व्हावी लागते. नगर आणि सोलापूर भागातील मंडळ्यांत बहुसंख्य माणसे खेड्यांतील होती. दिवसभराच्या कामानंतर कंदिलाच्या उजेडात जमणाऱ्या, अक्षरओळखही नसलेल्या माणसांना पुस्तकातून गाण्यास सांगणे म्हणजे त्यांना गप्प बसवणेच होते. ज्यांच्यासाठी स्तोत्र आणले, त्यांच्याच हाती ते लागत नव्हते.

८/ ही माणसे कोण होती, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. मिशनच्या ग्रामीण मंडळ्या मुख्यतः महार समाजातून आणि काही प्रमाणात मांग समाजातून उभ्या राहिल्या. गाणे त्यांच्या घरात नव्हते असे मुळीच नाही. एकतारी, डफ, हलगी, भजन यांची त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्यांची परंपरा होती. चोखामेळा त्यांचेच. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना भिंतीखाली सापडून चोखोबांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. पंढरपुरात त्यांची समाधी विठ्ठलमंदिराच्या महाद्वारापाशी, बाहेर, पायरीच्या जवळ आहे. त्यांच्या वारसांनीही त्या पायरीपर्यंतच जायचे, असा नियम विसाव्या शतकातही चालू होता.

९/ म्हणून प्रश्न केवळ संगीताचा नव्हता. ज्या माणसाने आपला जुना धर्म सोडला, त्याने आपला गळाही सोडावा काय? देवळाने ज्याला आत घेतले नाही, त्याने त्या देवळाभोवती घुमणारी चालही तेथेच ठेवून यावी काय? या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर अहमदनगरात मिळाले. कृष्णराव रत्नाजी सांगळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केले. पूर्वरंग, उत्तररंग, पदे, साक्या, दिंड्या, सारे तेच, आख्यान बायबलातले. लोक रात्र रात्र बसून ऐकू लागले. टिळकांच्या आधीची ही पायवाट विसरता येत नाही.

१०/ आता टिळक. कोकणस्थ ब्राह्मण कुटुंब, कवितेची आवड असलेली आई, तापट वडील, नाशिकातील संस्कृताचे अध्ययन आणि एका जागी न ठरणारा स्वभाव. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांची पत्नी झाली. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. १८९३ च्या सुमारास राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना 'नवा करार' दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले आणि तेथून मागे वळले नाहीत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

११/ पत्नीला त्यांनी विश्वासात घेतले नव्हते. चार वर्षांचा मुलगा दत्तू कडेवर आणि नवरा जिवंत असून घरातून गेलेला. सवाष्ण म्हणावे की काय म्हणावे, हे कोणासच ठरवता येईना. कुटुंबातील माणसांनी लक्ष्मीबाईंना सांभाळले, आणि या काळातील त्यांचे एक मोठे वास्तव्य पंढरपूरला झाले. देवाच्या गावी मन शांत होईल, ही त्यामागची भाबडी आणि प्रेमळ समजूत. तेव्हा पंढरपुरास रेल्वे नव्हती. ती १९०६ मध्ये आली. बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथे उतरून पुढचा रस्ता बैलगाडीने किंवा टांग्याने कापावा लागे.

१२/ त्या गावात ध्वनीला सुट्टी नसते. पहाटे काकडा, दिवसा नामस्मरण, रात्री शेजारती. आषाढी-कार्तिकीला चंद्रभागेच्या वाळवंटात शेकडो टाळ एकाच ठेक्यावर वाजतात. वीणेकरी उभा, पखवाज त्याच्या बाजूला, टाळकरी दोन ओळींत समोरासमोर. एक जण चरण उचलतो, बाकीचे तो झेलतात. या आवाजात लक्ष्मीबाई राहिल्या. त्यांच्या दुःखाला कोणीही उत्तर देऊ शकत नव्हते, पण याच विरहकाळात त्यांच्या हातून कवितेच्या ओळी उतरू लागल्या. नवऱ्याने हट्टाने शिकवलेली अक्षरे अशी उपयोगी पडली.

१३/ तिकडे अहमदनगरात टिळक मिशनच्या कामात होते. धर्मांतरानंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी जुन्या संतवाङ्मयापासून स्वतःला बरेच दूर ठेवले होते. पुढे मात्र ते तुकोबांकडे आणि ज्ञानोबांकडे परतले, आणि ते परतणे त्यांच्या आयुष्यातील दुसरे धर्मांतर म्हणावे इतके खोल होते. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते सांगत. पुलाची ही प्रतिमा नीट पाहण्यासारखी आहे. पूल ओलांडल्यावर तो मोडायचा नसतो. मागून येणाऱ्यांना तोच लागतो.

१४/ या परतण्यास काळही अनुकूल होता. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने तुकोबांचे अभंग आपल्या उपासनेत आणले होते. १८६९ पासून इंदुप्रकाश छापखान्यातून तुकारामांची गाथा मुंबई सरकारच्या साहाय्याने छापून निघाली होती. वारकऱ्याच्या कंठात असलेले काव्य अशा रीतीने सुशिक्षितांच्या टेबलावर आले. टिळकांचा मार्ग याच्या उलट दिशेचा होता. टेबलावर आलेला अभंग त्यांनी पुन्हा कंठात नेऊन ठेवला, फक्त तो कंठ आता ख्रिस्ती मंडळीचा होता.

१५/ अभंगाची घडण येथे पाहिली पाहिजे, कारण उत्तर त्या घडणीतच आहे. मोठ्या अभंगाला चार चरण. पहिल्या तिहींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे. धाकट्या अभंगाला दोनच चरण, साधारण आठ-आठ अक्षरांचे. लघु-गुरूंचा काटेकोर क्रम येथे नाही. गाताना ऱ्हस्व स्वर येथेही लांबतात. मग 'पिता'ची अडचण येथे का येत नाही? कारण सहा अक्षरांचा चरण बहुधा शब्दाच्या शेवटीच संपतो आणि श्वासही तेथेच घेतला जातो. गाणारा अर्थाप्रमाणे शब्द ओढतो किंवा सोडतो. चाल शब्दाची वाट पाहते.

१६/ चौथा, चार अक्षरांचा आखूड चरण हे या रचनेचे मर्म. तीन पावले चालल्यावर अर्धे पाऊल टाकून थांबावे तसा तो येतो. तेवढ्या अवकाशात टाळकऱ्यांना ओळ झेलण्यास वेळ मिळतो, आणि ज्याला ओळ ठाऊक नव्हती त्याला ती पाठ होते. म्हणजे पुस्तकाचे काम रचनाच करते. टिळकांनी 'अभंगांजली'तील आणि इतर भजनांत हेच वापरले. त्याखेरीज ओवी, आरती, साकी, दिंडी, पद, पाळणा, लग्नातली गाणी, मुलांची गाणी यांतही त्यांनी रचना केली. ख्रिस्ती घरात जन्मापासून मरणापर्यंत जे जे प्रसंग येतात, त्या त्या प्रसंगी गाण्यास मराठी गीत असावे, असा हा व्याप होता.

१७/ विलायती समूहगान आणि पंढरीचे समूहगान यांतील फरक उच्च-नीचतेचा नाही. पहिल्यात अनेक स्वर एका क्षणी एकत्र येतात. दुसऱ्यात एकच स्वर अनेक माणसांमधून वेळेच्या क्रमाने फिरतो: एक जण म्हणतो, सारे म्हणतात, पुन्हा तो थोडे वळण देऊन म्हणतो, पुन्हा सारे. पहिल्यासाठी मंडळीने आधी शिकून यावे लागते. दुसऱ्यात मंडळी गाता गाता शिकते. निरक्षर शेतमजूर, नुकतीच आलेली सून, १८९९–१९०० च्या दुष्काळात मिशनच्या आसऱ्याला आलेले पोरके मूल, या सर्वांना या दुसऱ्या वर्तुळात पहिल्याच दिवशी जागा होती.

१८/ चालीबरोबर नातेही आले. पाश्चात्त्य स्तोत्रात प्रभू हा राजा, मेंढपाळ, सेनापती अशा रूपांत वारंवार येतो. वारकऱ्यांचा विठोबा मात्र माउली. त्याला रुसून बोलता येते, त्याच्याशी भांडता येते. टिळकांनी ख्रिस्ताला आई म्हटले, गुरू म्हटले, सखा म्हटले. मराठी भक्ताची सलगी त्यांनी जशीच्या तशी पुढे नेली. याचे पडसाद उमटणे अपरिहार्य होते. चाल, टाळ आणि माउली घेतल्यावर उरले काय, केवळ नाव बदलले काय, अशी शंका ख्रिस्ती बाजूने घेता येत होती. आमच्या घरातील भांडी उचलून नेली, अशी तक्रार हिंदू बाजूने करता येत होती.

१९/ या दोन्ही आक्षेपांत थोडे तथ्य आहे, म्हणून ते झटकून टाकू नयेत. चाल कोणाच्याही मालकीची नसली तरी तिला स्मृती असते. पंढरीची चाल ऐकली की विटेवरची मूर्ती आठवणारच. टिळकांना ही स्मृती पुसायची नव्हती. सोलापूरच्याच राम जोश्यांचे उदाहरण येथे आठवते. उत्तर पेशवाईतला हा शाहीर तमाशाच्या फडातून कीर्तनाच्या गादीवर गेला, तेव्हा त्याच्या गळ्यातील लावणीची फेक त्याच्याबरोबर गेलीच. माणूस उंबरठा ओलांडतो तेव्हा आवाज बाहेर ठेवून जाता येत नाही. टिळकांनी ही अपरिहार्यता लपवली नाही, तिच्यावरच आपली उपासना उभी केली.

२०/ काही हरवलेही. चार आवाजांच्या मिळणीतून जो भव्य नाद निर्माण होतो, तो भजनाला साधत नाही, आणि ज्या मराठी ख्रिस्ती घरांना त्याची गोडी लागली होती त्यांनी तो सोडलाही नाही. मराठी उपासनेत दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी राहिले. 'उपासना संगीत' या संग्रहात पाश्चात्त्य चालींची गीतेही आहेत आणि टिळकांची भजनेही. पेटीने दोघांची सोय केली. पॅरिसमध्ये १८४२ साली हक्क नोंदवलेले हे वाद्य पायाने भाता हलवून वाजवायचे होते. बंगालात त्याला हाताचा भाता लावून मांडी घालून बसणाऱ्यांजोगे करण्यात आले. टिळकांनी स्तोत्राचे केले ते याच जातीचे काम होते.

२१/ आता पुन्हा लक्ष्मीबाईंकडे. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या मुलाला घेऊन पतीकडे नगरास परतल्या, पण धर्म न सोडता. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे कडक. टिळकांनी सक्ती केली नाही. ज्या माणसाची भजने गावोगावच्या महार-मांग मंडळ्या गात होत्या, त्याच्याच घरात त्या मंडळीचा पाण्याला स्पर्श चालत नव्हता. मग एका प्रवासात, कोणाच्याही उपदेशावाचून, लक्ष्मीबाईंच्या मनात विचार आला की ही जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळाले आणि सोवळे गळून पडले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

२२/ हा क्रम महत्त्वाचा आहे. टिळक ग्रंथातून आणि काव्यातून ख्रिस्ताकडे गेले. लक्ष्मीबाई पाण्याच्या घागरीवरून गेल्या. टिळकांनी पंढरीची चाल ख्रिस्ती मंडळीला दिली, हे वाङ्मयाच्या इतिहासात नोंदले जाते. परंतु त्या निर्णयामागे घरात जी किंमत मोजली गेली, ती लक्ष्मीबाईंनी मोजली, आणि त्यातला एक भाग प्रत्यक्ष पंढरीतच मोजला. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हे सारे सांगितले आहे, तेही तक्रारीचा सूर न लावता, स्वतःलाही हसत. म्हणूनच ते पुस्तक वाचताना नवरा-बायकोंपैकी मोठे कोण, हा प्रश्न वाचकाला सुटत नाही.

२३/ १९०७ नंतर नगरच्या टिळकांच्या घरी एक कोवळा कवी राहू लागला. तोच बालकवी ठोमरे. १९१२ पासून टिळक 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन पाहू लागले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले, ख्रिस्ती संन्यासी म्हणून जगायचे ठरवले आणि 'देवाचा दरबार' या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा एक मेळा कल्पिला. ही कल्पनाही दिंडीचीच: सदस्यत्वाची वही नाही, बरोबर चालणे हीच ओळख. ती रुजण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

२४/ 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य अपुरे राहिले होते. टिळकांनी सुरुवातीचे दहा-अकरा अध्यायच लिहिले होते. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. शाळेची पायरीही न चढलेल्या बाईंनी. फेब्रुवारी १९३६ मध्ये त्या गेल्या, आणि शेवटचा हात मुलगा देवदत्त याने फिरवला. पंढरपुरात आईच्या पदराला धरून वावरलेला दत्तू तो हाच. ओवी ही जात्यावरची, बायकांची चाल. अभंगाने जे टिळकांना दिले, ते ओवीने लक्ष्मीबाईंना दिले.

२५/ या कथेला एक उलटा प्रवासही आहे. पुण्यात काम करणारे स्कॉटिश मिशनरी निकोल मॅक्निकल यांनी मराठी संतांची पदे इंग्रजीत नेली. त्यांनीच टिळकांच्या काही भजनांची भाषांतरे केली. त्यांतील एक स्कॉटलंडच्या स्तोत्रसंग्रहात गेले. आठ-सहा-आठ-सहा अक्षरांच्या त्याच जुन्या साच्यात ते बसवले गेले आणि चार आवाजांत गायले जाऊ लागले. जी वाट इंग्रजी स्तोत्राने चालून मराठीत पाय अडखळवून घेतला होता, तिच्यावरूनच मराठी भजन परत गेले. अभंगाचा आखूड चरण तेथे उरला नाही. चालीचे भाषांतर होत नाही, ही गोष्ट दोन्ही टोकांना सारखीच खरी ठरली.

२६/ आणि पंढरपूर? मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी तेथे प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा विठ्ठलमंदिराची दारे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना उघडली. टिळकांना जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती, लक्ष्मीबाईंना अकरा. तोपर्यंत अर्ध्या शतकाच्या आसपास पंढरीची चाल नगर-सोलापूरच्या खेड्यांतील साध्या उपासनामंदिरांत नित्य गायली जात होती, आणि ती गाणाऱ्यांतील कित्येकांच्या आजोबांनी ती चोखोबांच्या पायरीपाशी उभे राहून ऐकली होती. आजही त्या मंडळ्यांत रविवारी एक जण चरण उचलतो, टाळ वाजतात, आणि बाकीचे तो झेलतात.